‘अन्न वगळलंय’ म्हणे!

नोव्हेंबर २०२५. देवळी तालुक्यातल्या एका गावी अंगणवाडीत मुलांची वजनं घेत बसले होते. चौदा महिन्यांची एक पोरगी काट्यावर ठेवली. सहा किलो नऊशे ग्रॅम. सेविकाबाईनं वही उलटून पाहिली. ऑगस्टमध्ये हीच पोरगी सात किलो दोनशे होती. तीन महिन्यांत वाढायचं सोडून ती तीनशे ग्रॅम खाली आली होती. तक्त्यावरचा तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात उतरला.

आईला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “जुलाब झाले होते, ताई.” मग जरा थांबून म्हणाली, “अन् कापूस बी इकला नाही.”

कापूस आणि पोरीचं वजन, हा संबंध त्या बाईनं एका वाक्यात सांगितला. तो सांगायला तिला कुठल्या परिसंवादाला जावं लागलं नाही. आपण कार्यकर्त्या मात्र कुपोषणावर बोलायला लागलो की स्वच्छतेवर, अज्ञानावर, लवकर लग्नावर, सासूच्या समजुतींवर बोलतो. ते सगळं खरं आहे. पण त्या पोरीच्या ताटापर्यंत वॉशिंग्टन, दिल्ली आणि मुंबई कशी येऊन पोचते, याबद्दल आपण फार कमी बोलतो. म्हणून हा लेख.

ताट कापसाला बांधलेलं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये काय घडलं ते आठवून बघा. अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के कर लावला. मग भारत रशियाचं तेल घेतो म्हणून दंड म्हणून आणखी २५ टक्के. २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के. त्याला कुणी ‘निर्बंध’ म्हटलं नाही, पण दुसऱ्या देशाचं परराष्ट्र धोरण बदलावं म्हणून त्याच्या व्यापाराचा गळा आवळायचा, याला दुसरं काय म्हणायचं? कापड आणि तयार कपड्यांच्या कारखानदारांनी दिल्लीत ओरड केली. दिल्लीनं त्यांना दिलासा दिला. कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर १९ ऑगस्टपासून उठवला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपल्याकडे कापूस बाजारात येतो त्या हंगामापर्यंत.

भांडण दोन सरकारांचं, फटका बसला कारखानदाराला, आणि त्यानं तो हिंगणघाटच्या, सेलूच्या, आर्वीच्या बाजारात उतरवला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव कागदावर ८११० रुपये होता. तो मिळवायचा तर सरकारी खरेदी केंद्र, त्यासाठी मोबाईलवर नोंदणी, सातबारा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत. त्या वर्षी पावसानं बोंडं सडलेली, कापूस ओला. ज्याला थांबता येत होतं तो थांबला. ज्याला दुकानदाराची उधारी द्यायची होती त्यानं दारात आलेल्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली कापूस दिला. पुढे ते कर खालीवर झाले, वाटाघाटी झाल्या. पण गरजवंताचा कापूस तोवर घरातून गेलेला होता.

आणि ज्या बाईचं स्वतःचं वावरच नाही? ती किलोवर कापूस वेचते. सडलेल्या पराटीत दिवसभर वाकून जितका कापूस निघतो तितकीच मजुरी. पदरात कमी पडलं की घरात कात्री कशाला लागते ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आधी आईच्या ताटातली भाजी जाते. मग डाळ पातळ होते. मग दूध बंद होतं, अंडं बंद होतं. तेलाचा हात आखडतो. लहान मुलाचं पोट लहान असतं, त्याला थोडंथोडं, दिवसातून चार-पाच वेळा आणि तेलातुपाचं लागतं. ते भरवायला माणूस लागतं. आई उजाडायच्या आत दुसऱ्या गावी वेचणीला गेली की मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा बुडते. बाळाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा येतो.

निर्बंधाच्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. उलट, अन्नाला आम्ही हात लावलेला नाही, असंच सगळे सांगतात.

हे वाक्य जुनं आहे

६ ऑगस्ट १९९० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेनं इराकवर निर्बंध लादले, तेव्हाही औषधं वगळली होती आणि माणुसकीच्या कारणानं अन्नही वगळायची सोय ठेवली होती. पण तेल विकायचं नाही म्हटल्यावर पगार कुठून येणार, आणि पगाराला किंमत राहणार कशी? १९९१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि हारिस गझदर इराकमध्ये जाऊन पाहणी करून आले. हेच ज्याँ द्रेझ पुढे आपल्याकडे अन्न अधिकाराच्या लढाईत उभे राहिले. त्यांना जे दिसलं ते असं : माणसांची कमाईच बाजारभावासमोर कोसळली होती. लोक तगले ते मुख्यतः सरकारी रेशनमुळे. म्हणजे अन्न वगळूनही भूक आली आणि तिला काही प्रमाणात थोपवलं ते रेशनच्या पिशवीनं.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत मॅडेलिन अल्ब्राइट यांना टीव्हीवर विचारलं, पाच लाख मुलं गेली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? त्या म्हणाल्या, योग्य आहे असं आम्हाला वाटतं. पुढे त्यांना त्या उत्तराचा पश्चात्ताप झाला. एक बाई सत्तेच्या खुर्चीत बसली म्हणून बायका-मुलांच्या बाजूनं बोलेलच असं नाही, हा धडा आपण तेव्हाच घ्यायला हवा होता.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच लाखांच्या आसपासचे जे आकडे जगभर फिरले, त्यांना आधार म्हणून १९९९ मधली जी पाहणी दाखवली जाई, त्या पाहणीत इराकच्या सरकारनं फेरफार केला होता असं अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडलं. निर्बंध लादणाऱ्यांनी मुलांची किंमत ठरवली आणि निर्बंध सोसणाऱ्या सरकारनं मुलांच्या मरणाचं भांडवल केलं. मूल दोघांच्याही हातातलं हत्यार. खरी मुलं, खरी उपासमार मात्र दोन्हीकडून अंधारात.

आपल्याकडच्या जुन्या बायकांना लाल मिलो आठवते. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचं धान्य आपल्याकडे येत होतं. भारत व्हिएतनाम युद्धाबद्दल काय बोलतो, शेतीचं धोरण कसं बदलतो, हे बघून अध्यक्ष जॉन्सन जहाजं अडवून धरत होते. आपल्या पोटाला बांधलेली दोरी तेव्हा उघड दिसत होती. आज ती कापसाच्या गाठीतून जाते म्हणून दिसत नाही, एवढाच फरक.

दीडशे वर्षांची दोरी

खरं तर वर्ध्याला ही दोरी फार जुनी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. हिंगणघाटचा कापूस विलायतेत नावाजला गेला. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला, १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. पण १८६५ लाच युद्ध संपलं होतं, भाव घसरायला लागले होते. कापूस मात्र वावरात राहिला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. दुष्काळ कापसानं पाडला असं मी म्हणत नाही. पण ज्या गावाचं खाणं वावरात पिकत नाही, त्याला दुष्काळात आधी पैसा लागतो आणि मग धान्य, एवढं नक्की.

याच वर्ध्यात, मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा सांगत होते की गावानं आधी आपल्या समतोल आहाराला लागेल तेवढं पिकवावं, नगदी पीक त्यानंतर. आपण त्या माणसाचं नाव घेतो आणि वावरात कापूस आणि सोयाबीन लावतो. ज्वारी गेली. तिच्याबरोबर ज्वारीत आंतरपीक म्हणून बायका लावायच्या ते मूग, उडीद, बरबटी, अंबाडी गेली. तो माळवा विकायचा नसायचा, म्हणून त्याचा हिशेब पुरुषांनी कधी ठेवला नाही. पण मुलाच्या ताटात तोच पडायचा. कुमारप्पांच्या म्हणण्याला आपण एक प्रश्न जोडला पाहिजे : वावरात काय पेरायचं हे ठरवतं कोण? सातबारा ज्याच्या नावावर तो. वेचते ती ठरवत नाही, रांधते ती ठरवत नाही, उपाशी झोपते ती तर नाहीच नाही.

घरचे निर्बंध

आता कुणी म्हणेल, अमेरिकेनं कर लावला त्याला आपलं सरकार काय करणार? मान्य. वादळ दारात येऊ नये हे नेहमी आपल्या हातात नसतं. पण छप्पर तर आपल्या हातात आहे ना? अंगणवाडी, शाळेतली खिचडी, रेशन हे ते छप्पर. आणि ते कुणी काढलं ते बघू या.

जून २०२२. मुंबईत सत्तेचा खेळ झाला. आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला. सरकार पडलं. ३० जूनला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री अशा दोघांनी शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत या राज्याचं मंत्रिमंडळ दोन पुरुषांचं होतं. महिला व बालविकास खात्याला चाळीस दिवस स्वतंत्र मंत्रीच नव्हता. भर पावसाळ्यात, जेव्हा मुलं जुलाबानं आणि उपासानं खाली घसरतात तेव्हा. मग १८ मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्यात बाई एकही नाही. महिला व बालविकास खातं एका पुरुषाकडे, पर्यटनासोबत. पहिली महिला मंत्री यायला २०२३ चा जुलै उजाडला.

२०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. आठवड्याला एक! त्यावरही शाकाहाराच्या नावानं गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये, निवडणूक पार पडल्यावर, अंड्याचा आणि गोड खिरीसाठीच्या साखरेचा निधी सरकारनं काढून घेतला. हवं तर लोकसहभागातून द्या, म्हणाले. आठवा, त्याच्या आधीच्या जुलैपासून लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये सुरू झाले होते. बाईच्या हातात पैसा येतो याला माझा विरोध नाही, उलट तो तिचा हक्कच आहे. पण बहिणीला द्यायचं आणि भाच्याच्या ताटातलं अंडं काढायचं, ही कुठली ओवाळणी?

अंगणवाडीत एका मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात तो वाढवू म्हणून सांगावं लागलं, म्हणजे मधली सात-आठ वर्षं महागाई चढत गेली आणि मुलाचे आठ रुपये आठच राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.० टक्के मुलं वजनानं कमी होती. २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. देशातल्या श्रीमंत राज्यांत आपण गणले जातो आणि पाच वर्षांत आकडा तसूभर खाली आला नाही. लुकडेपणाचं प्रमाण तर दोन्ही वेळा २५.६ टक्के. याला निर्बंध म्हणायचं नाही तर काय? हे बाहेरच्या कुणी लादलेले नाहीत. हे घरचे आहेत.

आणि आपण?

इथवर टाळ्या वाजवणं सोपं आहे. आता अवघड भाग.

४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी संप केला. पन्नासहून जास्त दिवस. सेविकेला दहा हजार आणि मदतनिसीला साडेपाच हजार मानधन, त्यात पोषण, लसीकरण, नोंदी, मोबाईलवरची माहिती, निवडणुकीची कामं. त्या लढल्या ते बरोबरच होतं. मी त्या संपाबरोबर होते, वर्ध्याच्या मोर्चात घोषणा दिल्या. सरकारनं काय केलं? कामावरून काढण्याच्या नोटिसा पाठवल्या आणि संप करणाऱ्या बायका बाळांना उपाशी ठेवतात असं सुनावलं. याच सेविकांवर मार्च २०१८ मध्ये अत्यावश्यक सेवेचा कायदा, मेस्मा, लावला होता आणि विधिमंडळात ओरड झाल्यावर स्थगित केला होता. काम थांबलं की सेवा अत्यावश्यक, पगार मागितला की सेविका मानसेवी! या दुटप्पीपणाबद्दल मला अजून संताप येतो.

पण मोर्च्याहून परतताना एका बाईनं मला रस्त्यात थांबवलं. शेतमजूर, एकटी. तिची चार वर्षांची मुलगी दुपारी अंगणवाडीत जेवायची. ती म्हणाली, “ताई, तुमचा मोर्चा बरोबर हाय. सेविकाबाईले पगार भेटलाच पायजे. पन माह्या पोट्टीची खिचडी कोन देईन?”

मला उत्तर देता आलं नाही. सरकार देईल, सरकारची जबाबदारी आहे, असं काहीतरी पुटपुटले. ती मान हलवून निघून गेली. रात्री झोप आली नाही. कारण तिच्या प्रश्नात आरोप नव्हता आणि माझ्या उत्तरात माणूस नव्हतं. “तत्त्व बरोबर आहे, तेवढं सोसावं लागेल”, हेच मी तिला सांगितलं. हेच इराकच्या बाबतीत सांगितलं गेलं. मी माझी तुलना बलाढ्य देशांशी करत नाही. पण सोसणारं मूल दोन्हीकडे तेच आहे.

संप चूक होता असं मी म्हणत नाही. मुलाच्या खिचडीची जबाबदारी संप करणाऱ्या बाईच्या डोक्यावर टाकणं हीच सरकारची चलाखी होती. चूक आपली, म्हणजे बाहेरून पाठिंबा देणाऱ्या संघटनांची होती. पन्नास दिवसांत आपण पत्रकं काढली, सभा घेतल्या, पण एकाही गावात पंक्तीला मुलं बसवली नाहीत. बचत गटांकडे चूल होती, भांडी होती. गावात ज्वारी होती, तूर होती. दहा गावांत जरी आपण मुलांचं एक वेळचं जेवण चालवलं असतं तर संपाला बळ मिळालं असतं, गावातल्या आया आमच्या मोर्चात आल्या असत्या आणि “तुम्ही मुलांना उपाशी ठेवता” म्हणायला सरकारला तोंड उरलं नसतं. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या हजारो बाया लाटणी घेऊन उतरल्या, त्या कशामुळे? त्यांच्या स्वयंपाकघराचा प्रश्न रस्त्यावर आला होता म्हणून. आपण रस्त्यावर गेलो आणि स्वयंपाकघर विसरलो.

म्हणून मागायचं काय, करायचं काय

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ पासून आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा त्याचा हक्क आहे, कृपा नव्हे. आणि या कायद्याचं आठवं कलम आपण वाचतच नाही. हक्काचं धान्य किंवा जेवण मिळालं नाही तर सरकारनं अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. अंगणवाडी संपामुळे बंद असो, निधी न आल्यानं बंद असो, पुरवठादाराच्या भांडणात बंद असो, जेवण चुकलं की भत्ता लागू झाला पाहिजे. प्रत्येक गावात बंद दिवसांची नोंद ठेवा. तारीख, मुलांची नावं, कारण. ग्रामसभेत ठेवा, तहसीलला द्या, जिल्हा परिषदेत द्या. एका गावाचा अर्ज कचऱ्यात जातो, दोनशे गावांचा जात नाही.

दुसरी मागणी : मुलामागचा दर महागाईला जोडा. आमदारांच्या भत्त्याला महागाई कळते, मुलाच्या वाटीला का कळू नये? शाळेतलं आणि अंगणवाडीतलं अंडं परत आणा, खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला तितक्याच ताकदीचं दुसरं काही.

तिसरी : कापसाचा भाव पाडणारा निर्णय दिल्लीत झाला की त्या हंगामात कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांत अंगणवाडीत मुलांसाठी आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी दुसरं ताजं जेवण सुरू व्हावं. कारखानदाराला एका रात्रीत दिलासा मिळतो, तर आमच्या पोरीला का नाही? आणि वेचणीच्या दिवसांत वावराजवळ पाळणाघर.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, घरात मागायची आहे. एकर-दोन एकर ज्वारी, तूर, मूग बायकांच्या मर्जीनं पेरायचा. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं. हे भांडण सरकारशी भांडण्यापेक्षा कठीण आहे, मला ठाऊक आहे. माझ्याही घरी ते झालं आहे.

आणि पाचवी गोष्ट आपल्यासाठी. यापुढे आपल्या कुठल्याही संपाच्या, बंदच्या, मोर्च्याच्या बैठकीत पहिला विषय हा असेल : त्या दिवशी मुलं कुठे जेवणार? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख ठरणार नाही.

त्या चौदा महिन्यांच्या पोरीचा दंड आम्ही टेपनं मोजला. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत गेला की मूल अतितीव्र कुपोषित. तिचा बारा भरला. म्हणजे अर्धा सेंटिमीटर अंतर. वॉशिंग्टनचा दंड, दिल्लीची सूट, मुंबईचं अंडं आणि आमचं विसरणं, हे सगळं त्या अर्ध्या सेंटिमीटरवर येऊन बसलं आहे.

तिची आई पुढच्या महिन्यात वजन करायला येणार आहे. आपल्यापैकी कोण कोण तिथे असणार आहे, मैत्रिणींनो?